बाळाला घेऊन मोठी शर्यत पाहायला

जत्रेला तान्हं मूल घेऊन कोण जात नाही? आमच्या माण तालुक्यात शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात भरते. कडेवर लेकरू आणि डोक्यावर गाठोडं घेऊन कितीतरी बाया तो डोंगर चढतात. म्हणून "बाळाला घेऊन गर्दीत जाऊच नका" असं आम्ही सांगणार नाही. जायचं तर कसं जायचं, आणि माघारी कधी फिरायचं, एवढंच सांगणार आहोत. हे आम्ही मुंबईला, एका मोठ्या शर्यतीच्या दिवशी शिकलो. काही विचारून शिकलो, काही चुकून शिकलो. दोन्ही सांगतो.

शर्यत कसली?

मुंबईत २००४ सालापासून एक मोठी धावण्याची शर्यत होते. तिला मॅरेथॉन म्हणतात. ती साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. धावायचं अंतर किती? ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर! आपल्या पायी दिंडीतली माणसं एवढं अंतर दोन-तीन दिवसांत चालतात. इथं ते एका दमात धावायचं.

हे नाव कुठून आलं? मॅरेथॉन हे ग्रीस देशातलं एक गाव आहे. फार जुन्या काळी तिथं लढाई झाली. जिंकल्याची बातमी घेऊन एक जासूद धावत अथेन्स शहरात गेला, अशी तिकडची कथा आहे. त्या कथेवरून १८९६ साली अथेन्समध्ये पहिल्या ऑलिंपिक खेळांत ही शर्यत ठेवली. तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होतं. ती शर्यत कुणी जिंकली ठाऊक आहे? स्पिरिडॉन लुईस नावाच्या एका पाणक्यानं! रोज पाणी वाहणारा गडी, पण साऱ्या जगात पहिला आला.

आपलीही माणसं मागं नाहीत. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. ते १९वे आले. आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबईच्या शर्यतीत भारतीय बायकांमध्ये पहिली आलेली आहे. २०१६ साली ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. दुष्काळी मुलखातली पोर, पण सगळ्या देशानं तिचं नाव घेतलं.

२०२३ साली मुंबईची शर्यत इथिओपिया देशाच्या हायले लेमी यानं जिंकली. त्याला २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद लागले. म्हणजे एका किलोमीटरला तीन मिनिटांहून किंचित जास्त. सायकल जोरानं मारली, तरच आपण त्याच्या बरोबर राहू.

आम्ही का गेलो?

आमच्या बाळाचा मामा मुंबईत गोदामात कामाला आहे. लहानपणी तो वस्तीवरून शाळेत पळत जायचा. मुंबईत गेल्यावर पहाटे उठून पुन्हा पळू लागला. १९ जानेवारी २०२५ च्या शर्यतीत त्यानं नाव घातलं. पुरे ४२ किलोमीटर तो पहिल्यांदाच धावणार होता.

त्याचा फोन आला. "आक्का, तू यायचंस. भाचीला घेऊन यायचंस. रस्त्याच्या कडेला तुम्ही दिसलात, की माझे पाय थकायचे नाहीत."

बाळ तेव्हा दहा महिन्यांचं होतं. बाळाची आजी म्हणाली, "पोरीला कशाला नेता? गार वारा, गर्दी, पाणी बदलणार." बाळाची आई म्हणाली, "आत्याबाई, पोर अंगावर पिते. तिला ठेवून मी कशी जाऊ? आणि भाऊ पळतोय, तर न जाऊन कसं चालंल?"

दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं, सगळ्यांनीच जायचं. पण तयारीनं जायचं.

जायच्या आधी

आधी आम्ही आरोग्य केंद्रात जाऊन आलो. बाळाच्या सगळ्या लसी टोचून झाल्या आहेत का, ते नर्सबाईंनी कार्डावर पाहिलं. त्यांनी सांगितलं, "निघायच्या दिवशी ताप, खोकला किंवा जुलाब असला, तर जायचं रद्द करा. गर्दीत आजार बाळाला चटकन लागतो. बाळाचा आजारही दुसऱ्याला लागतो."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर त्याला फक्त आईचंच दूध द्यायचं. वरचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न द्यायचं.

मग आम्ही पिशवी भरली. पिशवीत काय काय होतं?

उकळून गार केलेलं पाणी, झाकणाच्या बाटलीत. मऊ वरणभात, घासलेल्या डब्यात. वाटी-चमचा. चार लंगोट आणि दोन दुपटी. ओलं कापड ठेवायला वेगळी पिशवी. साबणाची वडी. कानटोपी आणि एक सुती टोपी. बस्स! जास्त ओझं घेतलं नाही.

बाळाच्या अंगावर सोनं घातलं नाही. गळ्यातली काळ्या मण्यांची माळही काढली. गर्दीत ती कशात अडकली, तर गळ्याला फास बसायचा. आजी जरा नाराज झाली. मग तिनं गालाला बारीकशी तीट लावली आणि समाधान मानलं.

एका कापडाच्या पट्टीवर आईचा आणि वडिलांचा फोन नंबर लिहिला. ती पट्टी झबल्याच्या आतून शिवून टाकली. नंबर बाळाच्या वडिलांनीच लिहिला. मागच्या सालापर्यंत त्यांना आकडे लिहिता येत नव्हते. शिकल्याचा असा उपयोग होतो!

शर्यत रविवारी होती. आम्ही शुक्रवारी रात्रीच एसटीनं निघालो. शनिवारी सकाळी परळला बाळाच्या आत्याच्या खोलीवर पोचलो. का बरं एक दिवस आधी गेलो? रात्रीच्या प्रवासानं बाळ शिणतं. त्याला एक दिवस निवांत झोप मिळावी म्हणून.

उभं कुठं राहायचं?

शर्यत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू होते आणि तिथंच संपते. सुरुवातीला आणि शेवटी फार गर्दी असते. बाळाला घेऊन तिथं जायचं नाही, असं आत्यानं सांगितलं.

त्या साली धावणारे समुद्राच्या कडेनं मरीन ड्राइव्हवरून जाणार होते. पुढं पेडर रोडचा चढ, हाजी अली, वरळी, आणि समुद्रावरचा मोठा पूल. मग माहीम-दादरकडून फिरून त्याच मरीन ड्राइव्हवरून परत येणार होते. आम्ही तीच जागा धरली. चर्चगेट स्टेशनावरून चालत पाच-सात मिनिटांवर. लोकलनं जायचं कारण काय? शर्यतीच्या दिवशी ते रस्ते गाड्यांना बंद असतात. बस आणि टॅक्सी तिथपर्यंत जात नाहीत. लोकल मात्र चालू असते.

मरीन ड्राइव्हला एका अंगाला समुद्राचा कट्टा आहे. दुसऱ्या अंगाला इमारतींची रांग आहे. सगळ्यांना कट्ट्यावर बसावंसं वाटतं. पण आम्ही इमारतींच्या बाजूला उभे राहिलो. त्याची दोन कारणं होती.

एक कारण सावली. सूर्य इमारतींच्या मागून वर येतो. म्हणून सकाळी त्या बाजूच्या पदपथावर सावली असते. कट्ट्यावर ऊन लवकर येतं.

दुसरं कारण वाट. एकदा धावणारे सुरू झाले, की रस्ता ओलांडता येत नाही. पोलीस थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. स्टेशन इमारतींच्या बाजूला. आपण कट्ट्याकडे अडकलो आणि बाळाला बरं वाटेनासं झालं, तर? म्हणून परतीची वाट आपल्या पाठीशी हवी.

आम्ही आणखी एक ठरवलं. चुकामूक झाली, तर सगळ्यांनी चर्चगेट स्टेशनात तिकीट खिडकीपाशी जमायचं. फोन लागो अगर न लागो. मूल हरवलं किंवा सापडलं, तर जवळच्या पोलिसाला सांगायचं, नाही तर ११२ किंवा १०९८ या नंबरावर फोन करायचा. १०९८ हा नंबर मुलांच्या मदतीसाठीच आहे.

त्या सकाळी

मामाची शर्यत पहाटे पाचच्या सुमाराला सुरू झाली. आम्ही तेव्हा गेलो नाही. एवढ्या अंधारात आणि गारठ्यात बाळाला उठवायचं नव्हतं. मामा परत फिरून मरीन ड्राइव्हला येईल पावणेदहाच्या सुमाराला, असा हिशोब होता. आम्ही साडेआठला जाऊन उभे राहिलो.

बाळाला आईनं पुढून झोळीत घेतलं होतं. पाठीवर घेतलं, तर मागचा धक्का कळत नाही. तोंडावरून कापड ओढलं नव्हतं. बाळाला श्वासाला हवा लागते, आणि त्याचं तोंड आपल्याला दिसावं लागतं.

काय ती माणसं! कुणी म्हातारं, कुणी तरणं. कुणी चाकाच्या खुर्चीवर. त्याच दिवशी सुमारे सहा किलोमीटरची मौजेची दौडही असते. त्यात लोक सोंगं घेऊन येतात. बाळ डोळे मोठे करून बघत होतं. एका स्वयंसेवकानं हात हलवला, तर खुदकन हसलं. आजीसुद्धा हसली. "वारीच आहे की ही! फक्त टाळ नाहीत," असं म्हणाली.

सव्वानऊच्या पुढं-मागं पुढचे धावणारे आले. पुढं मोटारगाडी, मागं हरणासारखी माणसं. पाय जमिनीला लागत होते की नाही, कळत नव्हतं. डोळ्याचं पातं लवतंय तोवर निघून गेली.

आमची चूक

इथं आमचं चुकलं. बाळ रोज साडेनऊला झोपतं. हे आम्हांला ठाऊक होतं. पण आम्हांला वाटलं, झोळीत झोपेल. घरी पाळण्यात झोपणारं मूल रस्त्यावर झोपेल असं आम्ही कसं धरलं?

तेवढ्यात आमच्या शेजारी एक ढोलपथक येऊन उभं राहिलं. धावणाऱ्यांना जोर यावा म्हणून वाजवतात. चांगलंच आहे ते. पण पहिली टिपरी पडली आणि बाळ दचकलं. मग रडायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं, हट्टाचं वेगळं. हे भ्यालेलं रडणं होतं. मान मागं टाकली, मुठी आवळल्या, श्वास कोंडला.

वाजायला लागलेला ढोल मोठ्या माणसाला गोड लागतो. बाळाचा कान नाजूक असतो. तोच आवाज त्याला जाचतो. एक सोपी खूण ध्यानात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला जर ओरडावं लागत असेल, तर ती जागा बाळाची नाही. कानात कापूस खोल कोंबू नका. त्यानं आवाज फारसा अडत नाही, उलट कापूस आत अडकतो. तिथून लांब जाणं हाच उपाय.

बाळाच्या वडिलांनी मोबाईल पाहिला. धावणाऱ्याजवळ एक बारीक यंत्र असतं. तो कुठवर आला, ते मोबाईलवर कळतं. मामा पाऊण तासापूर्वी पेडर रोडच्या अलीकडं होता. आता दहा-पंधरा मिनिटांत येणार.

आजी म्हणाली, "थांब गं जरा. एवढ्या लांबून आलो. रडून रडून झोपंल ती."

बाळाच्या आईचे डोळे भरून आले. रात्रभर एसटीनं आली होती ती. भाऊ जन्मात पहिल्यांदा एवढं धावत होता. आणि दहा मिनिटं राहिली होती!

ती म्हणाली, "नाही आत्याबाई. पोर भ्यालीय. मी मागं गल्लीत जाते." मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही इथंच थांबा. त्याला सांगा, मी आहे म्हणून."

आजी क्षणभर उभी राहिली. मग तिनं पिशवी उचलली आणि सुनेच्या मागं गेली.

गल्लीत आणि रस्त्यावर

दोन इमारतींच्या मागं गल्लीत आवाज निम्म्याहून कमी झाला. एका पायरीवर आई बसली. आजीनं साबण लावून बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. आईचे हात धुवायला पाणी घातलं. दुपट्याचा आडोसा धरला. बाळ प्यायला लागलं. आधी हुंदके देत, मग सावकाश. पाच मिनिटांत डोळे मिटले.

तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. आईला वाटलं, आलाच असेल तो! पण उठली असती, तर बाळ जागं झालं असतं. ती उठली नाही.

रस्त्यावर मामा खरंच आला होता. तोंडावर घामाचं मीठ सुकून पांढरं झालं होतं. एक पाय जड पडत होता. तो चालत होता. बहिणीला शोधत होता. बाळाच्या वडिलांनी कठड्याच्या अलीकडूनच लाल टॉवेल हलवला. "पाव्हणं! आक्का मागं गल्लीत आहे! बाळ निजतंय!" असं ओरडून सांगितलं.

मामानं मान हलवली. एक हात वर केला. आणि पुन्हा धावायला लागला. शेवटचे दोन-अडीच किलोमीटर राहिले होते.

वडील गल्लीत आले. आईनं एवढंच विचारलं, "कसा दिसत होता?"

"दमलेला. पण पळत गेला."

बाळ झोपलेलंच होतं. आम्ही तसेच स्टेशनावर गेलो आणि लोकल धरली.

संध्याकाळी

संध्याकाळी मामा लंगडत जिना चढून आला. गळ्यात पदक होतं. पुरी शर्यत धावला होता. आईनं त्याला ओवाळलं. ती म्हणाली, "मला माफ कर रे. मी तिथं नव्हते."

मामा म्हणाला, "आक्का, खरं सांगू? मी चालायला लागलो होतो. आता बसावं, असं वाटत होतं. दाजी म्हणाले, बाळ निजतंय. म्हटलं, तू इथंच जवळ आहेस. बरं वाटलं. पुढच्या साली पुन्हा पळीन. तेव्हा ही पोर आपल्या पायांवर उभी राहून टाळ्या वाजवील."

बाळानं हात पुढं केला. पदक धरलं आणि तोंडाकडं नेलं. आजी ओरडली, "अरे, आधी धुऊन द्या ते!" सगळे हसले.

आम्ही काय शिकलो?

बाळाला घेऊन मोठा सोहळा बघायला जावं. बाळालाही जग दिसावं, आणि आईनंही घरात कोंडून राहू नये. पण वेळापत्रक बाळाचं धरावं. त्याची झोप, त्याची भूक, आणि मग आपली हौस.

आम्ही अर्ध्या तासापुरतं आपलं वेळापत्रक धरलं, म्हणून बाळ रडलं. गल्लीतली शांत जागा आम्ही आधीच पाहून ठेवायला हवी होती. बाळाला तिथं नऊ वाजताच निजवायला हवं होतं. मग कदाचित मामाही दिसला असता.

आणि अर्ध्यातून माघारी फिरणं म्हणजे जाणं फुकट गेलं, असं मानू नये. ज्या आईनं मागं फिरायचं ठरवलं, तिला घरच्यांनी बोल लावू नये. आजीनं पिशवी उचलली, तशी पिशवी उचलावी.

प्रश्न

१. मॅरेथॉन शर्यतीचं अंतर किती असतं?
२. १८९६ सालची शर्यत जिंकणारा माणूस काय काम करीत होता?
३. आम्ही समुद्राच्या कट्ट्यावर न थांबता इमारतींच्या बाजूला का उभे राहिलो?
४. आवाज बाळासाठी फार मोठा आहे, हे कोणत्या खुणेवरून ओळखावं?
५. तुम्ही बाळाच्या आईच्या जागी असता, तर काय केलं असतं? घरात सगळ्यांनी मिळून बोला.

वहीत लिहा

तुमच्या गावच्या जत्रेला बाळाला न्यायचं आहे. पिशवीत काय काय घ्याल, ते लिहा. मग एका कापडाच्या पट्टीवर आपला फोन नंबर स्वतःच्या हातानं लिहा आणि दोनदा वाचून पाहा.